पहाटेचे दोन वाजून चव्वेचाळीस

क्वेबेक प्रांत, कॅनडा. सर्व वेळा माँट्रियलच्या घड्याळाप्रमाणे.

सोमवार, ६ मार्च १९८९. सात दिवस आधी

सूर्याच्या पूर्व कडेवरून डागांचा एक मोठा समूह वळून पुढे आला. वेधशाळांनी त्याला ५३९५ हा क्रमांक दिला. पृथ्वीसारखे कित्येक गोळे त्यात मावले असते. कडेवर दिसतो न दिसतो तोच त्यातून एक प्रचंड सौरज्वाला उसळली, एक्स १५ प्रतीची. सौरज्वालांच्या मोजपट्टीवर एक्स हा सर्वांत वरचा वर्ग, आणि ही त्यातही पंधरा अंकांची. स्फोटाचं तोंड पृथ्वीकडे नव्हतं. पण सूर्य स्वतःभोवती फिरतो, आणि आठवड्याभरात हा डाग नेमका आपल्यासमोर येणार होता.

शुक्रवार, १० मार्च, दुपारी २:२०. साठ तास आधी

डाग आता जवळपास समोर आला होता. या वेळची ज्वाला एक्स ४.५ प्रतीची, म्हणजे सोमवारच्यापेक्षा लहान, पण रोख पृथ्वीकडे. तिचा प्रकाश आणि क्ष-किरण आठ मिनिटांत पोचले आणि लघुलहरींवरची रेडिओ प्रसारणं विस्कटली. रेडिओ फ्री युरोपचं रशियाकडे जाणारं प्रसारण बंद पडलं, तेव्हा अनेकांचा संशय क्रेमलिनवर गेला. शीतयुद्धाच्या सवयी अजून अंगात होत्या. आवाज दाबला गेला तर माणसाने दाबला, असंच आधी मनात यायचं.

प्रकाशामागून दुसरंच काही निघालं होतं. विद्युतभारित वायूचा अब्जावधी टनांचा ढग, स्वतःचं चुंबकीय क्षेत्र पोटात घेऊन, ताशी सरासरी २७ लाख किलोमीटरहून जास्त वेगाने. असा ढग पृथ्वीवर आदळला की काय होणार हे बरंचसं त्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेवर ठरतं. ते उत्तरेकडे रोखलेलं असेल तर पृथ्वीचं चुंबकीय कवच धक्का सोसतं. दक्षिणेकडे असेल तर कवचाच्या रेषा ढगाच्या रेषांना जोडल्या जातात आणि दार उघडतं. १९८९ मध्ये ही दिशा ढग पोचण्याआधी सांगणारा पहारेकरी वाटेवर नव्हता. त्या जागी कायमचा नेमलेला एसीई हा उपग्रह १९९७ मध्ये उडाला. म्हणजे त्या शुक्रवारी शास्त्रज्ञांना एवढंच ठाऊक होतं की काहीतरी निघालं आहे.

शनिवार, ११ मार्च, संध्याकाळी ७:१६. साडेएकतीस तास आधी

त्याच डागातून आणखी एक ज्वाला उठली, एम ७.३ प्रतीची, खालच्या वर्गातली. कित्येक वर्षं या घटनेच्या वर्णनात तिला जागाच नव्हती. कॅनडाचे भूभौतिकशास्त्रज्ञ डेव्हिड बोटेलर यांनी २०१९ मध्ये सगळ्या नोंदी पुन्हा तपासल्या आणि त्या रात्री एकामागून एक असे दोन ढग आदळले होते हे दाखवून दिलं. दुसरा ढग या शनिवारच्या ज्वालेचा. तो पहिल्याच्या मानाने फार वेगात आला.

ढग वाटेत असताना ज्या तारांवर तो उतरणार होता, त्यांच्याकडे जरा पाहू.

१९७१ मध्ये क्वेबेकचे प्रीमियर, म्हणजे प्रांताचे मुख्यमंत्री, रॉबर्ट बुरासा यांनी जेम्स उपसागराच्या परिसरातल्या नद्यांवर अवाढव्य जलविद्युत प्रकल्प जाहीर केला. ही भूमी क्री लोकांच्या शिकारीची, आणि तिच्या उत्तरेला इन्यूट. त्यांना कोणी विचारलं नव्हतं. दोघेही कोर्टात गेले. न्यायमूर्ती अल्बेर मालूफ यांनी नोव्हेंबर १९७३ मध्ये काम थांबवण्याचा आदेश दिला, तो आठवड्याभरात वरच्या कोर्टाने उठवला. १९७५ मध्ये करार झाला आणि ला ग्रांद नदीवर धरणं उभी राहिली. तिथली वीज माँट्रियलपर्यंत आणायची तर हजारेक किलोमीटर ओढावी लागते. त्यासाठी ७३५ किलोव्होल्टच्या पाच वाहिन्या टाकल्या. इतक्या उच्च दाबाची वाहिनी जगात पहिल्यांदा चालवली ती क्वेबेकच्याच वीज कंपनीने, हायड्रो-क्वेबेकने, १९६५ मध्ये. अभियंत्यांना तिचा अभिमान होता आणि तो रास्तच होता.

एक गोष्ट मात्र त्या तारांच्या खाली होती. क्वेबेकचा बराच भाग कॅनेडियन शील्ड नावाच्या अतिप्राचीन, कठीण अग्निजन्य खडकावर वसलेला आहे. या खडकातून वीज सहजी वाहत नाही. कातळावर पडलेलं पाणी मुरत नाही, चर सापडला की त्यातून धावतं. तसं इथे जमिनीत निर्माण होणाऱ्या प्रवाहाला तारांचा चर आयता मिळतो. ट्रान्सफॉर्मरच्या अर्थिंगमधून तो वर चढतो, शेकडो किलोमीटर तारेतून जातो आणि दुसऱ्या टोकाच्या अर्थिंगमधून पुन्हा जमिनीत उतरतो.

हे धोके कोणाला माहीत नव्हते, असं मुळीच नाही. २४ मार्च १९४० च्या चुंबकीय वादळात क्वेबेक, ओंटारिओ आणि अमेरिकेच्या ईशान्येकडच्या वीजयंत्रणांना त्रास झाला होता. पण तेव्हाच्या वाहिन्या आखूड होत्या.

रविवार, १२ मार्च, रात्री ८:२७. सव्वासहा तास आधी

पहिला ढग पोचला. जगभरच्या वेधशाळांतल्या चुंबकमापकांनी एकाच क्षणी उसळी घेतली.

होकायंत्राची सुई आणि आकाशातला प्रकाश यांचं नातं प्रथम लक्षात आलं ते स्वीडनमधल्या उप्सालात, १७४१ मध्ये. आंडर्स सेल्सियस यांचे सहकारी ओलोफ हियॉर्टर तासन् तास सुईवर डोळा ठेवून बसत. बाहेर ध्रुवीय प्रकाश उजळला की आत सुई थरथरायची. लंडनमध्ये जॉर्ज ग्रॅहम यांनाही त्याच सुमारास सुया हलताना दिसत होत्या. दोन दूरच्या शहरांत एकाच वेळी सुई हलते म्हणजे कारण स्थानिक नाही, आकाशव्यापी आहे, हे त्या माणसांना कळलं. विजेचे दिवे घराघरांत यायला तेव्हा शतकाहून अधिक काळ होता. मला ही नोंद फार मोलाची वाटते, कारण पुढे क्वेबेकमध्ये जे घडलं त्याचं मूळ तिच्यातच आहे: वर प्रकाश हलतो, खाली चुंबक हलतो.

त्या दोघांतला दुवा म्हणजे विद्युतप्रवाह. ध्रुवीय प्रदेशांवर, जमिनीपासून शंभरेक किलोमीटर उंचीवर, वादळाच्या वेळी लाखो अँपिअरचा प्रवाह वाहतो. आपल्याला दिसणारा हिरवा पडदा त्याच घडामोडीचा दिसणारा भाग. चुंबकीय रेषांवरून खाली येणारे इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनच्या अणूंवर आदळतात, अणू घेतलेली ऊर्जा प्रकाशरूपाने परत देतो. शंभर ते दोनशे किलोमीटरच्या पट्ट्यात हा प्रकाश हिरवा असतो. पडद्याच्या तळाला कधी गुलाबी-जांभळी किनार दिसते, ती नायट्रोजनची.

रात्री ११ ते १. शेवटचे तास

कॅनडाच्या उत्तरेवर नेहमी असणारं ध्रुवीय प्रकाशाचं कडं रुंदावत दक्षिणेकडे सरकत होतं. माँट्रियलचा अक्षांश इटलीतल्या मिलानएवढा, पण पृथ्वीचा चुंबकीय ध्रुव भौगोलिक ध्रुवापासून उत्तर अमेरिकेच्या बाजूला कललेला असल्याने चुंबकाच्या हिशेबात माँट्रियल मिलानपेक्षा कितीतरी उत्तरेला पडतं. कडं खाली सरकलं की क्वेबेक लगेच त्याच्या छायेत येतं.

तारांच्या उत्तर टोकाला राहणाऱ्या लोकांनी या प्रकाशाला कधी नुसती शोभा मानलं नाही. क्री लोक म्हणतात, वर पूर्वज नाचत आहेत. इन्यूट मुलांना आजही दटावलं जातं: त्याच्याकडे पाहून शीळ घालू नकोस. शीळ ऐकली की ते दिवे खाली उतरतात, जवळ येतात, आणि धाडस करणाऱ्याचं डोकं खेळायला घेऊन जातात. वर मृतात्म्यांचा चेंडूचा खेळ चालू असतो, चेंडू म्हणजे वॉलरसची कवटी. क्वेबेकला लागून असलेल्या लॅब्राडोरमधल्या इन्यूटांकडून अर्नेस्ट हॉक्स यांनी टिपून घेतलेली कथा १९१६ मध्ये छापली गेली. तीत आकाश म्हणजे पृथ्वीवर पालथा घातलेला टणक घुमट, त्याला एक भोक, आणि तिथे जायची वाट अथांग दरीवरून जाणारी, अरुंद. नव्याने येणाऱ्या आत्म्याला वाट दिसावी म्हणून आधी गेलेले मशाली पेटवून धरतात. तो मशालींचा उजेड म्हणजे हा प्रकाश. त्यातून कधी सळसळ ऐकू आली तर ते मृतांचं बोलणं समजावं आणि उत्तर द्यावं ते कुजबुजून.

हडसन उपसागराच्या पलीकडे राहणाऱ्या डेने लोकांची समजूत मला सर्वांत विलक्षण वाटते. अठराव्या शतकात सॅम्युएल हर्न हा प्रवासी त्यांच्याबरोबर हिंडला. त्याने लिहून ठेवलं आहे की हे लोक या प्रकाशाचा संबंध कॅरिबूशी, म्हणजे तिथल्या रेनडिअरशी जोडतात. कारण काय, तर अंधाऱ्या रात्री कॅरिबूच्या केसाळ कातड्यावरून हात जोरात फिरवला की ठिणग्या उडतात. वर ठिणग्या, म्हणजे वर कॅरिबूंचे कळप आहेत. आकाशातला उजेड आणि हाताखालची स्थितिक वीज एकाच जातीची, हे त्यांनी हाताने चाचपून ठरवलं होतं. निष्कर्षातली जनावरं बाजूला ठेवली तर निरीक्षण अचूक आहे.

माँट्रियल झोपलं होतं. मार्चचा मध्य म्हणजे तिथे हिवाळाच, आणि क्वेबेकमधल्या बहुसंख्य घरांची ऊब विजेवर.

सोमवार, १३ मार्च, पहाटे २:४३. एक मिनिट आधी

दुसरा ढग आदळला. वरचा प्रवाह एकाएकी चढला आणि सरकला. खालच्या जमिनीतलं चुंबकीय क्षेत्र त्याच झटक्याने बदललं, आणि बदलतं चुंबकीय क्षेत्र वाहकात प्रवाह निर्माण करतं हा फॅरडेंचा नियम पाच वाहिन्यांच्या हजारेक किलोमीटर लांबीवर लागू झाला.

वीजजाळ्यातला प्रवाह सेकंदाला साठ वेळा इकडून तिकडे आणि तिकडून इकडे झुलतो. ट्रान्सफॉर्मरचा लोखंडी गाभा त्या झुलण्यासाठीच बेतलेला असतो. जमिनीतून चढलेला प्रवाह झुलत नाही, मिनिटामिनिटाने सावकाश बदलतो, म्हणजे गाभ्याच्या दृष्टीने तो एकाच बाजूचा रेटा. गाभा एका अंगाला झुकतो आणि प्रत्येक आवर्तनाच्या अर्ध्या भागात चुंबकत्वाने तुडुंब भरतो. आणखी सामावेना झालं की ट्रान्सफॉर्मर भलताच प्रवाह ओढू लागतो, तापतो, त्याची घरघर वाढते. तारेतल्या स्वच्छ लहरीवर साठाच्या पटींतल्या नको त्या लहरी चढतात. अभियंते त्यांना हार्मोनिक म्हणतात.

२:४४:१७

शिबूगामू सबस्टेशनमध्ये पहिला स्थिर कॉम्पेन्सेटर ट्रिप झाला. इतक्या लांबच्या वाहिन्यांवर व्होल्टेज सतत खालीवर होऊ पाहतं. ते जागच्या जागी धरून ठेवणं हे या यंत्राचं काम. त्याच्या संरक्षक रिलेला हार्मोनिक लहरी दिसल्या. रिलेने त्यांचा अर्थ लावला: यंत्रावर असह्य भार आला आहे, यंत्र वाचवा. आणि त्याने यंत्र जाळ्यापासून सोडवलं.

२:४४:१९

तिथलाच दुसरा.

२:४५:१६

अल्बानेल आणि नेमिस्को इथले मिळून चार मधल्या काळात गेले होते. आता ला व्हेरेंद्रीचा सातवा गेला. पहिल्यापासून सातव्यापर्यंत एकोणसाठ सेकंद. इतक्या वेळात नियंत्रण कक्षातल्या माणसाने काय करायचं? पडद्यावर पहिली सूचना वाचून शेजाऱ्याला हाक मारेपर्यंत मिनिट सरतं.

या सात यंत्रांपैकी एकानेही चूक केली नाही. प्रत्येक रिलेने शिकवल्याप्रमाणेच काम केलं. त्यांना शिकवणाऱ्यांनी वीज पडण्याचा, तार तुटण्याचा, बर्फाच्या ओझ्याचा विचार केला होता. आकाशातून सगळीकडे एकाच वेळी येणाऱ्या संकटाचा केला नव्हता. एक यंत्र गेलं तर बाकीची सहा सांभाळून घेतील, हा हिशेब तेव्हाच खरा ठरतो जेव्हा सातही जणांना एकच गोष्ट एकदम धक्का देत नाही.

नऊ सेकंदांनी वाहिन्या तुटू लागल्या आणि ला ग्रांदचं सगळं जाळं दक्षिणेपासून अलग झालं. त्या क्षणी प्रांताची यंत्रणा सुमारे २१,५०० मेगावॉट पुरवत होती. त्यातले जवळपास ९,५०० एका फटक्यात गेले. स्वयंचलित लोडशेडिंग सुरू झालं, एकामागून एक भाग तोडले गेले, पण निम्म्याच्या जवळ वीज गेल्यावर काय काय तोडणार? वारंवारिता कोसळली, उरलेली केंद्रंही बंद पडली. पहिल्या कॉम्पेन्सेटरपासून शेवटच्या दिव्यापर्यंत दीड मिनिटाच्या आसपास. साठ लाख लोकांची लाइट गेली.

पहाट ते सकाळ

लिफ्ट मध्येच थांबल्या. माँट्रियलच्या जमिनीखालच्या पादचारी मार्गांत माणसं काळोखात चाचपडत राहिली. सकाळच्या गर्दीच्या वेळी मेट्रो बंद, दोर्व्हाल विमानतळ बंद, शाळा आणि कचेऱ्या बंद. हीटर थंड.

क्वेबेककडून वीज घेणाऱ्या न्यूयॉर्कचे १५० मेगावॉट त्याच क्षणी गेले होते, न्यू इंग्लंडचे १,४१०. तिथली यंत्रणा टिकली. पहाटेची वेळ, मागणी कमी, हाताशी राखीव क्षमता. दैव बलवत्तर म्हणायचं. न्यू जर्सीतल्या सेलम अणुवीज केंद्रातला एक प्रचंड ट्रान्सफॉर्मर मात्र या वादळात आतून भाजला, त्याची वेटोळी निकामी झाली. ९:५७ ला फ्लोरिडातून डिस्कव्हरी हे अवकाशयान पाच अंतराळवीरांना घेऊन उडालं, आणि कक्षेत त्याच्या हायड्रोजन टाकीचा एक सेन्सर भलतेच दाब दाखवू लागला. वादळ निवळल्यावर तो आपोआप ताळ्यावर आला.

दुपार

नऊ तासांनंतर १७,५०० मेगावॉट, म्हणजे ऐंशी टक्क्यांहून थोडा जास्त भार परत आला होता. इतका वेळ लागला कारण जाळं तुटताना उसळलेल्या व्होल्टेजने उत्तरेकडची उपकरणं जायबंदी केली होती: ला ग्रांद ४ केंद्रातले दोन ट्रान्सफॉर्मर, नेमिस्कोचा एक रिॲक्टर. ती बाजूला काढून उरलेल्यांतून वाट शोधत शोधत पुरवठा उभा करावा लागला.

रात्री ८ च्या सुमारास. सतरा तास नंतर

वादळाचा कळस आत्ता आला. भूचुंबकीय वादळाची तीव्रता ज्या निर्देशांकाने मोजतात तो उणे ५८९ नॅनोटेस्लापर्यंत उतरला. १९५७ पासून या निर्देशांकाची सलग नोंद आहे, तीत इतकी खोल घसरण दुसरी नाही. क्वेबेक कोसळलं ते वादळ भरात येण्याच्या कितीतरी आधी, हे वाचताना अंगावर काटा येतो. कारण ग्रिडला किती मोठं वादळ यापेक्षा किती वेगाने बदल, हे जास्त झोंबतं.

त्या रात्री फ्लोरिडा, टेक्सास, अगदी क्यूबापर्यंत आकाश लाल झालं. इतक्या दक्षिणेला लालच दिसतो, कारण हिरवा पट्टा क्षितिजाखाली राहतो आणि दोनशे किलोमीटरच्या वरचा लाल शेंडा तेवढा डोकावतो. तोही ऑक्सिजनचाच प्रकाश. पण त्यासाठी अणूला पावणेदोन-दोन मिनिटं कोणाचाही धक्का न लागता थांबावं लागतं, आणि तशी निवांत विरळ हवा फक्त उंचावर आहे. युरोपात शतकानुशतकं अशा लाल आकाशात लोकांना रक्त आणि येऊ घातलेलं युद्ध दिसलं. १९८९ च्या अमेरिकेत कित्येकांना अणुबॉम्बची शंका आली. भीती तीच होती, शस्त्र नवं होतं.

यापेक्षा मोठं वादळ येऊन गेलेलं आहे, आणि त्याचा एक पक्का पुरावा मुंबईत लिहिला गेला. २ सप्टेंबर १८५९ च्या सकाळी कुलाब्याच्या वेधशाळेत निरीक्षक डोळ्यांनी मापकं वाचून हाताने आकडे उतरवत होते. दिवसाउजेडी आकाशात दिसण्यासारखं काही नव्हतं. मापकावर मात्र चुंबकीय क्षेत्र सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी घसरलं. नेहमीची नोंद तासाची. क्षेत्र बिथरलेलं पाहून त्यांनी मिनिटांच्या अंतराने वाचन सुरू ठेवलं, म्हणून ही घसरण हाती लागली. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून हे काम १९०४ मध्ये अलिबागला हलवलं गेलं, पण जुन्या वह्या जपल्या गेल्या. २००३ मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे गुरबक्ष लखीना आणि शोभना अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर त्या नोंदी जगापुढे मांडल्या. एका ठिकाणचं वाचन आणि जगाच्या सरासरीचा निर्देशांक थेट ताडता येत नाही, तरी अंतराचा अंदाज येतो. १८५९ च्या त्याच दिवशी बॉस्टन आणि पोर्टलंडच्या तारबाबूंनी बॅटरी काढून टाकून निव्वळ आकाशातून तारेत उतरलेल्या प्रवाहावर संदेश पाठवले होते. जगात तेव्हा लांब तारा त्याच एका कामासाठी होत्या.

हायड्रो-क्वेबेकने नंतर रिलेची सेटिंग बदलली, हार्मोनिक दिसताच यंत्र सोडवायचं नाही असं त्यांना नव्याने शिकवलं, आणि उत्तरेच्या वाहिन्यांमध्ये सीरिज कपॅसिटर बसवले. मे २०२४ मध्ये उणे चारशेच्या घरातलं वादळ आलं, लडाखमधल्या हानलेच्या आकाशात लाली उमटली, क्वेबेकमध्ये लाइट गेली नाही. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवर, सूर्याच्या दिशेला, उपग्रह आता पहारा देतात. ढग त्यांच्यावरून गेला की त्याच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा कळते आणि वीजवाल्यांच्या हाती पाऊण-एक तास येतो, ढग वेगवान असला तर पंधरा-वीस मिनिटं. तेवढ्यात चालू दुरुस्त्या थांबवायच्या, बंद ठेवलेल्या वाहिन्या जोडून घ्यायच्या, लांबच्या वाहिन्यांवरचा भार उतरवायचा आणि राखीव केंद्रं सुरू करायची.